आधी उजेड बघा, मग पांढरा रंग

घर लहान आहे, खोल्या अंधाऱ्या आहेत, तर सगळीकडे पांढराशुभ्र रंग देऊन टाकू म्हणजे घर उजळेल, असं म्हणणारी माणसं सतत भेटतात. इच्छा रास्त आहे, पण ती नेमक्या चुकीच्या खोलीवर लादली जाते. पांढरी भिंत उजेड तयार करत नाही. तिच्यावर जेवढा उजेड पडतो, त्यातला बराचसा ती खोलीत परत टाकते. चांगल्या प्रतीचा शुभ्र पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८५ ते ९० टक्के परत देतो. क्रीम किंवा मोतिया सत्तर-ऐंशीच्या आसपास राहतो, गडद रंग त्याच्या कितीतरी खाली. पण खिडकीपासून दहा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत उभी असेल आणि खोलीत मुळात उजेडच येत नसेल, तर परत काय देणार? अशा खोलीत शुभ्र पांढरा रंग राखाडी दिसतो. आठवड्यापूर्वी दिलेला रंग पाच वर्षांचा वाटतो. मग रंगाऱ्याला बोल लावला जातो आणि पुन्हा तोच रंग आणखी एक हात मारून घेतला जातो.

म्हणून शेडकार्ड हातात घेण्याआधी एक सुट्टीचा दिवस घरातल्या उजेडासाठी काढा. सगळे दिवे बंद ठेवा. सकाळी नऊच्या सुमारास, भर दुपारी आणि पाचच्या पुढे, अशा तीन वेळा प्रत्येक खोलीत जा, खिडकीच्या समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचून पाहा. भर दुपारी डोळ्यांना ताण न देता वाचता आलं, तर त्या खोलीला शुभ्र पांढरा शोभेल. वाचताच आलं नाही, तर तिथे पिवळसर छटेचा पांढरा, मोतिया किंवा फिका बदामी रंग जास्त चांगला दिसेल, कारण त्या रंगात स्वतःची थोडी ऊब असते आणि कमी उजेडात ती टिकून राहते. ही काही शास्त्रीय मोजणी नाही, पण शेडकार्डावरच्या चौकोनापेक्षा तिच्यावर मी जास्त भरवसा ठेवते.

दिशेचाही विचार करा. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून उन्हाळ्यातले काही आठवडे सोडले तर थेट ऊन येत नाही. उजेड दिवसभर एकसारखा असतो, पण किंचित निळसर. बाजारातले ‘ब्रिलियंट व्हाइट’, ‘सुपर व्हाइट’ म्हणून मिळणारे रंगही निळसरच असतात. दोन्ही एकत्र आले की खोली थंड, कोरडी वाटते. तिथे दुकानदाराला सांगून पिवळ्या किंवा तांबूस छटेचा पांढरा घ्या. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने फारसं येत नाही. घरातली एकच खोली पूर्ण शुभ्र करायची असेल तर मी दक्षिणेची निवडेन. पूर्वेची खोली सकाळी सुरेख दिसते, दुपारनंतर मवाळ होते, तिथेही पांढरा चालतो.

पश्चिमेचं मात्र नीट बघावं लागतं. नागपूर, जळगाव, सोलापूर या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आदळतं आणि डोळ्यांत परत येतं. अशा खोलीत बसून टीव्ही बघणं किंवा मुलांनी अभ्यास करणं त्रासाचं होतं. यावर लोक सगळीच खोली गडद करतात, ते चुकतं. उन्हाचा मारा ज्या भिंतीवर होतो, तिला थोडा दबका रंग द्या आणि ज्या भिंतीत खिडकी आहे, ती भिंत पांढरी करा.

हे ऐकून रंगारीसुद्धा चमकतात, म्हणून कारण सांगते. खिडकी असलेल्या भिंतीवर थेट उजेड पडत नाही. खिडकीचा चौकोन लख्ख आणि भोवतालची भिंत काळोखी, असा विरोध तयार होतो. आपल्या डोळ्यांना त्रास होतो तो बहुतेक वेळा या विरोधाचा. खिडकीची भिंत पांढरी असेल तर खोलीतून परत फिरलेला उजेड ती झेलते आणि विरोध कमी होतो. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे खिडकीच्या कडेची भिंतीची जाडी, जिथे आपण हात टेकून बाहेर बघतो. जुन्या वाड्यांत या भिंती दीड-दोन हात जाड असत आणि खिडकीच्या बाजू चुन्याने रंगवलेल्या असत. त्यामुळे बाहेरचं कडक ऊन त्या कडांवर विरत विरत आत यायचं. फ्लॅटमध्ये ही जाडी सहा-नऊ इंचच मिळते, तरी ती वाया घालवू नका. खोलीचा रंग कोणताही असो, खिडकीच्या आतल्या चारही बाजू शुभ्र पांढऱ्या करा. अगदी थोडा रंग लागतो आणि फरक पहिल्याच सकाळी दिसतो.

पांढरी भिंत शेजाऱ्यांचे रंगही उचलते. खिडकीबाहेर आंबा किंवा बदाम असेल, तर दुपारी भिंतीवर हिरवट झाक येते. समोरची इमारत विटकरी रंगवलेली असेल, तर पांढरा किंचित गुलाबी दिसतो. कोकणात जांभ्याच्या अंगणावर ऊन पडलं की ओसरीच्या भिंती तांबूस होतात आणि फार छान दिसतात. जमिनीचंही तसंच आहे. काळसर शहाबादी फरशी उजेड गिळते, तर फिकट चकचकीत टाइल्स तो वर फेकतात. फरशी गडद असलेल्या खोलीत पांढरा रंग देताना उजेडाचा अंदाज एक पायरी खालचा धरावा.

रात्रीचा हिशेब वेगळा. नोकरदार घरात आठवड्याचे पाच दिवस माणसं भिंती बघतात त्या दिव्याच्या उजेडातच. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्या ट्यूबलाइटचा उजेड. ३००० किंवा २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. ४००० मधला. शुभ्र पांढऱ्या भिंतीवर ६५०० चा दिवा लावला की घर दवाखान्यासारखं दिसू लागतं, आणि पांढऱ्या रंगाबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. रंग बदलण्याआधी दिवे बदलून बघा. बैठकीच्या आणि झोपण्याच्या खोलीत ३०००, स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० ठेवलं, तर तोच पांढरा रंग सुसह्य होतो. एका खोलीत दोन वेगळ्या आकड्यांचे दिवे मात्र लावू नका. एक भिंत निळी आणि एक पिवळी दिसते, आणि पांढऱ्यावर ते लपत नाही.

आता पांढरा कोणता? भिंतीच्या चुन्यात नीळ घालायची आपली जुनी रीत यामागचं सगळं शास्त्र सांगते. नुसता चुना किंचित पिवळट दिसतो. त्यात थोडी नीळ पडली की डोळ्याला तो जास्त पांढरा भासतो, खरं तर परत येणारा उजेड तसूभर कमी झालेला असतो. आजच्या डब्यातही हीच गोष्ट असते. पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. १९२० च्या सुमारास हे रंगद्रव्य बाजारात आलं आणि त्याने विषारी शिशाच्या सफेद्याची जागा घेतली. झाकण्याची ताकद त्याच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच पांढऱ्या पदार्थात नाही, आणि ते महाग असतं. स्वस्त डब्यात ते कमी आणि खडूसारखी भर जास्त असते. म्हणून स्वस्त पांढऱ्याचे तीन-चार हात मारावे लागतात आणि ओला असताना झाकल्यासारखी वाटणारी भिंत वाळल्यावर खालचे डाग दाखवते. पांढऱ्याच्या बाबतीत डब्यावर वाचवलेले पैसे मजुरीत जातात.

छटा ओळखायची सोपी युक्ती म्हणजे झेरॉक्सचा कोरा कागद. तो कागद मुद्दाम निळसर पांढरा केलेला असतो. तो घरातल्या ज्या पांढऱ्या वस्तू बदलणार नाही आहात, त्यांच्याशेजारी धरा: बाथरूमच्या टाइल्स, बेसिन, स्विचबोर्ड, खिडकीच्या पट्ट्या, मार्बलचा ओटा. आजवर पांढऱ्या समजत होतो त्या टाइल्स चक्क क्रीम निघतात. क्रीम टाइल्सच्या वर शुभ्र पांढरी भिंत आली की टाइल्स कधीच न धुतल्यासारख्या दिसतात आणि कितीही घासल्या तरी तशाच राहतात. तिथे भिंतच टाइल्सच्या रंगाकडे आणायला हवी. ठरवण्याआधी दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडच्या तुकड्यावर रंगाचे दोन हात मारून घ्या. तो तुकडा प्रत्येक भिंतीपाशी उभा करून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. भिंतीवरच नमुना मारला तर जुना रंग शेजारी राहतो आणि डोळा फसतो.

मासिकांतली आणि मोबाइलवरची पांढरीफटक घरं बघून मोह होतो, ते मी समजू शकते. पण ती घरं बहुधा थंड प्रदेशातली असतात, जिथे सूर्य खाली रेंगाळतो आणि ऊन मऊ असतं. पांढऱ्या भिंतींचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए याने १९२५ मध्ये घरोघरी पांढरा रंग द्यावा असं आग्रहाने लिहिलं. त्याच वर्षी पुऱ्या झालेल्या त्याच्या पॅरिसमधल्या ला रोश घरात मात्र निळ्या, तांबूस, राखाडी भिंती आहेत. पांढरा उठून दिसायला शेजारी काहीतरी लागतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

छतापासून सुरुवात करा, असं मी सगळ्यांना सांगते. घरात शुभ्र पांढऱ्याची सगळ्यात हक्काची जागा छताची. जमिनीवरून उसळलेला उजेड तेच खाली परत पाठवतं, आणि छताला हात लागत नाहीत म्हणून ते मळतही कमी. अंधाऱ्या खोलीतसुद्धा छत शुभ्र आणि भिंती मोतिया ही जोडी जमते. छताला रंग अगदी मॅट घ्या, चमक नको. फ्लॅटमध्ये स्लॅबखाली उतरलेले बीम असतात, तेही छताच्याच पांढऱ्यात रंगवा. वेगळ्या रंगाने ते जास्त खाली आल्यासारखे वाटतात. पंख्याच्या भोवती काळा धुळीचा गोल धरतो, तो रंगकामाआधी कोरड्या कपड्याने पुसून घ्यायला सांगा, नाहीतर रोलरबरोबर तो सगळीकडे पसरतो. सागवानी वाशांचं जुनं माळवद किंवा कौलारू घर असेल, तर लाकडाला कृपा करून पांढरा रंग लावू नका. वासे तसेच ठेवून मधल्या पट्ट्या पांढऱ्या करा. त्या काळ्याभोर लाकडाशेजारी पांढरा जितका खुलतो तितका कुठेच खुलत नाही.

पांढऱ्या रंगाखालची भिंत कशी आहे यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. चांगला रंगारी पहिल्याच दिवशी वायर लावलेला बल्ब मागतो. खोली अंधारी करून तो बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून धरतो आणि हळूहळू सरकवतो. आडव्या उजेडात भिंतीवरचा प्रत्येक खड्डा, पट्टीचा ओरखडा, जुन्या खिळ्याच्या जागी भरलेली उंचवट्यासारखी लांबी (पुट्टी) सावली टाकते. सरळ उजेडात जी भिंत गुळगुळीत वाटत होती, ती खडबडीत माळरान होऊन समोर येते. रंगारी पेन्सिलीने गोल करत जातो. त्या गोलांत लांबी भरून, वाळवून, १८० आणि मग ३२० च्या पेपरने घासून पुन्हा बल्ब फिरवायचा. मध्यम रंगाच्या भिंतीवर हे दोष लपतात. पांढऱ्यावर खिडकीतून तिरपं ऊन आलं की रोज ठरावीक वेळी ते हजेरी लावतात. रंगारी बल्ब मागत नसेल तर तुम्ही द्या आणि पेन्सिलीच्या खुणा स्वतः करा. घासताना नाकाला मास्क आणि दारं-खिडक्या उघड्या हव्यात.

प्रायमर, दोन हात लांबी, घासकाम, पुन्हा प्रायमर, मग रंगाचा पहिला हात, हा क्रम मोडू देऊ नका. पहिला हात वाळला की राहिलेले बारीक दोष दिसतात, ते भरून मगच दुसरा हात. आधीची भिंत गडद असेल तर तिसरा हात धरूनच हिशेब करा. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर चार भिंती ४४० चौरस फूट होतात. दार-खिडकीचे साठेक फूट वजा करून ३८० उरतात. दोन हातांना साधारण तीन लिटर रंग पुरतो, छताला एक लिटर धरा. रंगारी याच्या बराच कमी रंगात काम उरकतो आहे असं दिसलं, तर तो पाणी जास्त घालतो आहे. किती पाणी घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते त्याच्याबरोबर बसून वाचा.

ओल असेल तर थांबा. पांढऱ्यावर ओलीचा पिवळा ओघळ, लोणा आणि काळी बुरशी सगळ्यांत आधी दिसते आणि वरून रंग मारून ती कधीच जात नाही. शंका असेल तिथे हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि दोन दिवसांनी काढा. आतून दव साचलेलं असेल तर भिंत ओली आहे. गळती शोधा, गच्ची किंवा वरच्या मजल्याचं बाथरूम दुरुस्त करा, भिंत वाळू द्या. नव्या गिलाव्यालाही घाई नको. सिमेंटचा गिलावा चार आठवडे पिकतो, पण आतलं पाणी निघायला महिने जातात. शक्य असेल तर नव्या घराचा पहिला पावसाळा प्रायमरवर काढा.

कोकणात गणपतीआधी रंग काढायचा असतो, आणि नेमके तेव्हा श्रावणाचे ढग दारात असतात. चार तासांत वाळणारा हात तिथे दिवसभर ओला राहतो, आणि अशा भिंती नवरात्रापर्यंत बुरशी धरतात. शुभ्र पांढरा द्यायचाच असेल तर मे महिन्यात उरका. मुंबईहून चाकरमानी तेव्हाही गावाला येतातच, चार हात मदतीला मिळतात.

कोकणातल्या आणि देशावरच्या जुन्या घरांची आणखी एक अडचण आहे. त्या भिंतींवर दर वर्षीच्या चुन्याचे थर साचलेले असतात. त्यावर थेट प्लॅस्टिक पेंट मारला तर तो भिंतीला चिकटत नाही, चुन्याच्या सैल थराला चिकटतो, आणि वर्ष-दोन वर्षांत हातभर पोपडे सुटतात. एकतर सगळा चुना पत्र्याने खरवडून, भिंत धुऊन, गिलाव्यापर्यंत जायचं, नाहीतर चुन्यावर चुनाच द्यायचा. जांभ्याच्या किंवा दगडी, थोडीफार ओल असणाऱ्या भिंतीला मी चुनाच सुचवेन. भिंतीतली वाफ चुन्यातून बाहेर पडते, प्लॅस्टिक पेंट ती अडवतो आणि फुगतो. शिवाय चुना तीव्र क्षारीय असल्याने बुरशीला सहजी थारा देत नाही. १८९६ च्या प्लेगात मुंबईतल्या घरांना सरकारी पथकांनी चुना फासला तो जंतुनाशक म्हणूनच.

चुना मात्र हाताने नीट करायला हवा. कळीचा चुना मोठ्या पिंपात पाण्यात सोडला की तो उकळतो, वाफा येतात. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, मुलांना लांब ठेवा. दोन-तीन दिवस तसाच विरू द्या, मग फडक्यातून दोनदा गाळा. अंगाला लागू नये म्हणून त्यात भिजवलेला डिंक घाला, नीळ चिमटीने घाला आणि प्रत्येक वेळी ढवळून कागदावर उतरवून बघा. भिंतीवर आधी पाणी शिंपडा. पहिला हात मारल्यावर काहीच झालेलं दिसत नाही, खालचे डाग तसेच दिसत राहतात, आणि नवखा माणूस इथेच चुना दाट करतो. दाट करू नका. ओला चुना पारदर्शक असतो. वाळताना आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना तो पांढरा होत जातो, दुसऱ्या दिवशी भिंत उजळलेली दिसते. दुधासारखे पातळ तीन-चार हात एका जाड हातापेक्षा टिकतात.

रंगाची चमक निवडताना दोन बाजू तोलाव्या लागतात. मॅट रंग भिंतीचे दोष लपवतो, पण त्यावरचा डाग घासला की तेवढा भाग चकाकतो. सॅटिन रंग धुता येतो, पण भिंतीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. म्हणून एकच पांढरा दोन प्रकारांत घ्या. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत मॅट. जिन्याची बाजू, मुलांची खोली, जेवणाच्या टेबलामागची भिंत इथे सॅटिन. दिवाणाला टेकून बसायच्या जागी डोक्याच्या तेलाचा गोल हमखास पडतो, तिथे पाठीमागे लाकडी फळी किंवा कापडी तक्क्या लावून टाका, पांढऱ्याची परीक्षा घेऊ नका. देवघराच्या कोनाड्यात समई आणि उदबत्तीची काजळी वर्षभरात वरची बाजू काळी करते, तिथे टाइल किंवा गडद रंग बरा. स्वयंपाकघरात फोडणीची तेलकट वाफ ओट्यापासून चार-पाच फुटांपर्यंत जाते. टाइल्स छतापर्यंत नसतील तर ओट्याच्या भिंतीला शुभ्र पांढरा नको. समोरच्या भिंतीला चालेल.

दारं-खिडक्यांना पांढरा ऑइल पेंट लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तेलातला पांढरा उजेडाशिवाय पिवळा पडतो. बंद खोलीचं दार, कपाटामागची चौकट, माळ्याचं झाकण सगळ्यांत आधी हळदुळं होतं. पाण्यातला इनॅमल आता सगळीकडे मिळतो, तो कितीतरी जास्त काळ पांढरा राहतो आणि वासही कमी. जुन्या ग्रिलवरचा किंवा दारावरचा तेलरंग खरवडायची वेळ आली तर विशेष काळजी घ्या. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा कमी ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, पाणी मारून घासा. धूळ ओल्या फडक्याने उचला. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवसांत दुसरीकडे राहिलेली चांगली.

सगळं घर पांढरं करायचं धाडस होत नसेल, तर पणजीच्या फोंताइन्हास भागात एक फेरी मारा. तिथल्या घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, तांबड्या आहेत आणि खिडक्या-दारांभोवती पांढऱ्या पट्ट्या. पांढरा अगदी थोडा वापरलेला आहे, पण रस्ता उजळतो तो त्या पट्ट्यांनीच. घराच्या आतही हे जमतं. भिंती फिक्या पिस्ता किंवा वाळूच्या रंगाच्या ठेवा आणि चौकटी, खिडकीच्या बाजू, छत एवढंच शुभ्र करा.

घरात वयस्क माणसं असतील तर पांढऱ्यावर पांढरं टाळा, हे मला कळकळीने सांगायचं आहे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना पांढऱ्या भिंतीवरचा पांढरा स्विच, पांढऱ्या बाथरूममधला पांढरा कमोड आणि पांढऱ्या पायरीची कड दिसतच नाही. पडणं होतं ते अशा ठिकाणी. आजी-आजोबांच्या खोलीतल्या दाराची चौकट गडद ठेवा, स्विचबोर्डाभोवती चार बोटं रंगीत पट्टी मारा, बाथरूममधली आधाराची दांडी आणि कमोडचं झाकण वेगळ्या रंगाचं घ्या. खर्च किरकोळ आहे आणि तो रंगकामाबरोबरच उरकतो.

रंग दिल्यावर पहिला महिनाभर भिंत पुसू नका, रंग पूर्ण कडक व्हायला तेवढा वेळ लागतो. नंतर डाग पडला की लगेच मऊ स्पंज, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, एवढंच. मारलेल्या डासाचा डाग वाळू दिला तर तो निघत नाही. उरलेला रंग मोठ्या डब्यात अर्धवट ठेवू नका, वर साय धरते. तो गाळून काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ओता, बरणीवर खोलीचं नाव, शेड, बॅच नंबर आणि महिना लिहा. डागडुजी करताना ठिगळ मारू नका, पांढऱ्यावर ते दुरून ओळखू येतं. ज्या भिंतीवर डाग आहे ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा, आणि मूळ काम रोलरने झालं असेल तर ब्रश न घेता रोलरच घ्या.